मागच्या फाटकातले पेशंट

पोलिसांना दार उघडलं माझ्या सासऱ्यांनी, आणि दारातल्या त्या ताफ्याला ते पहिलं वाक्य काय बोलले, तर "शूज, प्लीज."

मी जिन्यात उभी होते. साउथहॅम्प्टनमधली आमची गल्ली नुकती कुठे उजाडत होती. बाबा रोजच्यासारखे सगळ्यांच्या आधी उठले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात चहाचा कप. बेल वाजली तेव्हा त्यांना वाटलं, पार्सल आलं. बाहेर वर्दीतली पाच-सहा माणसं, एकाच्या हातात दार फोडायचा लोखंडी ओंडका, एकीच्या हातात पट्ट्याला धरलेला स्पॅनियल कुत्रा. "पोलीस! सर्च वॉरंट!" असं कुणीतरी ओरडलं आणि बूट न काढता सगळे आत घुसले. बाबा भिंतीला चिकटून उभे राहिले. अर्धा चहा स्वेटरवर सांडला होता, त्याचं त्यांना भानही नव्हतं.

मी घाबरले. कुणीही घाबरलं असतं, पण माझ्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट होती. हा सगळा प्रकार मला चांगला ठाऊक होता, फक्त दुसऱ्या बाजूनं. मी इथं मॅजिस्ट्रेट आहे. हे पगारी पद नाही. नोकरी आणि घर सांभाळून अधूनमधून कोर्टात बसणारे माझ्यासारखे साधे नागरिक या देशात असतात, कायदा समजावून द्यायला शेजारी एक सल्लागार असतो. दुकानातल्या चोऱ्या, दारू पिऊन गाडी चालवणं, असले खटले आमच्यापुढे येतात. आणि झडतीचे अर्ज. पोलीस व्हिडिओवर शपथ घेतात, अमुक घरात अमली पदार्थ असल्याचा संशय आहे म्हणतात आणि संशयाची कारणं सांगतात. मी विचारते, माहिती कुठून आली, ताजी आहे का, आणखी कुठून तिला दुजोरा मिळालाय का. संशयाला वाजवी कारण आहे असं वाटलं तर वॉरंट देते, नाही वाटलं तर नाही देत. ती घरं मला कधी दिसत नाहीत, फक्त पत्ते कळतात. त्या पत्त्यावर कुणीतरी कानटोपी घालून चहा पीत असेल, हे खरंच कधी मनात आलं नव्हतं.

पथकाची प्रमुख एक सार्जंट बाई होती, माझ्याच वयाची. तिनं वॉरंटची प्रत माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. नवरा हॉस्पिटलमध्ये पोटाच्या विकारांचा डॉक्टर. अर्धी दाढी झालेली, गालाला फेस. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "देअर मस्ट बी सम मिस्टेक." मी कागद त्याच्याकडून घेतला. पत्ता आमचा, नाव त्याचं, सही दुसऱ्या गावच्या कुणा मॅजिस्ट्रेटची. मी माहेरचं आडनाव लावते, त्यामुळे माझा संबंध कुणाच्या ध्यानात आला नसणार. सगळं नियमाप्रमाणे होतं. त्यात कुठेतरी खोट निघावी म्हणून मी तो दोनदा वाचला.

आम्हाला तिघांना सोफ्यावर बसवलं. कुत्रा देवघरात शिरला. बाबा उठायला लागले, तर एका पोलिसानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. हलकेच ठेवला होता, पण बाबांच्या खांद्यावर त्यांच्या घरात कुणी असा हात ठेवलेला मी प्रथमच पाहत होते. माझ्या डोक्यात सणक गेली. देवघरात काही सापडलं नाही. स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीपाशी कुत्र्याला इतक्या शिंका आल्या, की त्याला बाहेर न्यावं लागलं. मग मागच्या बागेतून लोखंड तुटल्याचा आवाज आला. शेडचं कुलूप.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या शेडची गोष्ट सांगायला हवी. बाबा पुण्यात बँकेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी होमिओपॅथीची पुस्तकं आणून स्वतःच अभ्यास केला, आणि सोसायटीतल्या लोकांना साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या द्यायला लागले. आपल्याकडे निवृत्त माणसांमध्ये असे घरगुती डॉक्टर पुष्कळ. सासूबाई गेल्या, इथले व्हिसाचे नियम तेव्हा एवढे कडक नव्हते, बाबा आमच्याकडे कायमचे राहायला आले. सोबत लाकडी पेटी आली, तिच्या खणांतून बुचाच्या इवल्या बाटल्या. पहिल्याच महिन्यात बापलेकांचं वाजलं. "बाबा, मी इथं रजिस्टर्ड डॉक्टर आहे. माझ्या घरात हे साखरेच्या गोळ्यांचं दुकान चालणार नाही. त्यात काहीही नसतं," असं नवरा म्हणाला. बाबा एवढंच म्हणाले, "बरं. घरात नाही."

आणि पेटी शेडमध्ये गेली. शेड घरात येत नाही, हा बँकेतल्या माणसाचा हिशेब. शिवाय त्यांच्या शास्त्राप्रमाणे या गोळ्यांना कापराचा वास चालत नाही, गुण जातो म्हणे, आणि आमच्या देवघरात रोज कापूर लागतो. म्हणजे शेडच बरी. कुणी हात लावू नये म्हणून तिला कुलूप.

गुरुवारी नवऱ्याचं क्लिनिक उशिरापर्यंत चालतं. त्या दिवशी बाबांचे पेशंट यायचे. कुणी हॉस्पिटलातली नर्स, कुणी आयटीतला नागपूरकर, कुणी रडक्या बाळाची आई, कुणी डॉक्टरांच्या बायकासुद्धा. आधी पुढच्या रस्त्यावर नवऱ्याची गाडी नाही ना ते पाहायचं, मग वळसा घालून कचऱ्याच्या डब्यांच्या गल्लीतून मागच्या फाटकाशी यायचं. बाबा शेडमधून पांढऱ्या कागदाची घडी घातलेली पुडी आणून द्यायचे. ते कुणाकडे कधी काही मागत नसत, पण फुकट घेतलेल्या औषधाचा गुण येत नाही अशी आपल्या लोकांची समजूत. म्हणून प्रत्येक जण त्यांच्या तळहातावर एक पौंडाचं नाणं टेकवायचा आणि चालता व्हायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे वर्षानुवर्षं पाहत होते, भाजी चिरता चिरता. मला त्यात लपूनछपून डबा खाणारी शाळकरी मुलं दिसायची, दुसरं काही नाही. आणि हसू यायचं.

सार्जंट बाई पेटी घेऊन आत आली. हातमोजे घातलेल्या बोटांत तिनं एक बाटली धरली होती. बाबा स्वतःच्या अक्षरात लेबलं लावतात, सुवाच्य, इंग्रजीत.

"सर, यावर ओपियम लिहिलंय," ती म्हणाली.

मी ते लेबल वाचायला पुढे वाकले. पण बाबांचा चेहरा त्या सकाळी पहिल्यांदाच उजळला. अखेर कुणीतरी विषयाचं बोललं होतं.

"येस, येस," ते म्हणाले. "फॉर कॉन्स्टिपेशन. व्हेरी गुड रेमेडी."

"बाबा, काही बोलू नका," मी मराठीत म्हणाले.

"इंग्लिश, प्लीज," दाराशी उभा असलेला पोलीस म्हणाला.

तिनं दुसरी बाटली काढली. त्यावर कॅनाबिस इंडिका असं स्वच्छ लिहिलेलं. होमिओपॅथीत ही औषधं असतात, पुण्यात अशा औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळतात, हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी माझा माझ्या माणसांवरचा विश्वास डळमळला. एकच क्षण, पण डळमळला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सार्जंट बाईनं बाबांना त्यांचे हक्क वाचून दाखवायला सुरुवात केली आणि नवरा ताडकन उभा राहिला. गालावरचा फेस वाळून पांढरा झाला होता. "देअर इज नथिंग इन इट!" तो ओरडला. "नथिंग! ही साखर आहे. इतकी पातळ करतात की औषधाचा कण शिल्लक राहत नाही. मी डॉक्टर आहे, मी सांगतो, यात काहीही नाही! हा सगळा खुळचटपणा आहे!"

 बाबा सोफ्याच्या कडेवर सरकले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, सार्जंट बाईकडे पाहिलं आणि ठासून म्हणाले, "नो मॅडम. देअर इज."

मी डोक्याला हात लावला. समोर पोलीस, बाटलीवर ओपियम, आणि हा माणूस गोळ्यांत काही नाही हे कबूल करायला तयार नाही. बाबांनी तुरुंग पत्करला असता, पण आपल्या औषधात दम नाही हे पोलिसांसमोर मान्य केलं नसतं. आणि मुलगा त्यांना वाचवायला जे बोलत होता, तेच त्यांना सगळ्यात जास्त लागत होतं. दोघंही खरं बोलत होते, आपापल्या समजुतीनं.

पेटी तपासणीसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली. बाबांना अटक केली नाही. वय पाहिलं असेल, नाहीतर तो स्वेटर. पुढच्या आठवड्यात वकील घेऊन पोलीस स्टेशनवर जबाबाला या, असं सांगून ते गेले. जिन्यातल्या गालिच्यावर बुटांचे चिखलाचे ठसे उमटले होते. बाबा गुडघे टेकून ओल्या फडक्यानं ते पुसायला लागले. मी फडकं ओढून घेतलं, तर म्हणाले, "मला काहीतरी करू दे गं."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा नवऱ्याशी बोलत नव्हते, नवरा कुणाशीच बोलत नव्हता. मी कोर्टाला झाला प्रकार कळवला आणि निकाल लागेपर्यंत बसणार नाही असं सांगितलं. रात्री बिछान्यात पडल्या पडल्या मी त्या अनोळखी मॅजिस्ट्रेटशी भांडत असे. काय सांगितलं तुम्हाला? काय विचारलंत तुम्ही? एका म्हाताऱ्याच्या घरात ओंडका घेऊन माणसं पाठवताना तुमच्यापुढे नक्की काय होतं?

ते जबाबाच्या दिवशी कळलं, बाबांच्याच तोंडून. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. बाबा वकिलाबरोबर बाहेर आले, आणि गाडीत बसेपर्यंत त्यांना दम निघेना.

"अरे, किती बारीक पाहिलंय त्यांनी!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "कुणीतरी आधी कळवलं, मग त्यांनी मागच्या गल्लीत स्वतः पाळत ठेवली. लोक गुरुवारीच येतात, म्हणाले. याची गाडी नसतानाच येतात. आधी पुढून पाहून जातात. दोन मिनिटं थांबतात. पांढरी पुडी घेतात, पैसे देतात, कुणी घरात पाऊल टाकत नाही. आणि माल कुलपातल्या शेडमध्ये. एक अक्षर खोटं नाही त्यात."

नवरा गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे.  मग बाबांनी पट्टा ताणून मान मागे वळवली.

"अगं, एक विचारतो, खरं सांग. सून म्हणून नको. तिथं खुर्चीत बसून सांगतेस तसं सांग. त्यांच्याकडे कारण होतं का?"

"बाबा, जाऊ दे ना आता. वकील म्हणाले ना, तपासणीत काही निघणार नाही."

"निघण्याचं नाही विचारत. येण्याचं विचारतोय. कारण नसताना आले असतील, तर चूक त्यांची. मी मान वर करून राहीन इथं. पण कारण असेल, तर पोलीस या घरात मी आणले. याच्या नोकरीवर, तुझ्या खुर्चीवर मी आणले. मग मी पुण्याला जातो. फ्लॅट आहे, झाडूपोछाला बाई मिळते. माझं चालेल."

त्यांचं चालणार नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाई गेल्यापासून बंद असलेलं घर. गेल्याच हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले होते आणि माझ्या हाकेला ओ द्यायलाही त्यांना वेळ लागला होता. तिथं हाक मारायला कोण होतं? नाही म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि ते राहिले असते. माझ्या जिभेवर आलाही होता.

पण मला डोळ्यांपुढे व्हिडिओवरचा तो पोलीस दिसत होता, शपथ घेऊन एकेक गोष्ट सांगणारा. गाडी नसताना. पुडी. पैसे. कुलूप. माहिती ताजी होती, आणि त्यांनी ती स्वतः पडताळून पाहिली होती. संशय म्हणजे काही पुरावा नव्हे. कायदा त्या पायरीला फक्त वाजवी कारण मागतो, आणि ते कारण आम्ही सगळ्यांनी मिळून गुरुवारी गुरुवारी त्यांच्यापुढे मांडून ठेवलं होतं. माझ्याच खिडकीसमोर. मी मागे बसून रडायला लागले.

"होतं, बाबा," मी म्हणाले. "मी असते, तर मीही दिलं असतं वॉरंट."

बाबांनी मान हलवली. "बरं झालं खरं सांगितलंस," असं म्हणून ते पुढे वळून बसले. "मग माझं तिकीट बघा."

नवऱ्यानं गाडी एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घेतली आणि बंद केली. हात स्टीअरिंगवरच ठेवून तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गुरुवारचं. शेडचं. सगळंच. माझ्या क्लिनिकमधल्या नर्सच तुमच्याकडे येतात बाबा, माझ्यापासून लपणार कसं? क्लिनिक संध्याकाळीच संपतं माझं. मी बंदरात डॉक्सकडे गाडी लावून बसतो. क्रूझची जहाजं सुटताना बघत. तुमचे लोक आटपले असतील असं वाटलं की घरी येतो."

मी रडायची थांबले. इतकी वर्षं मी त्याचं जेवण झाकून ठेवत होते, हॉस्पिटलच्या ड्यूटीच्या रोटाला शिव्या घालत होते. पोलीस आले तेव्हा बसला त्याहून मोठा धक्का मला या पार्किंगमध्ये बसला.

"मी म्हटलं ना, घरात नको," तो पुढे म्हणाला. "तो शब्द मागे कसा घ्यायचा, ते जमलं नाही. मी एका गुरुवारी गाडी दारात लावून घरात बसलो असतो, तर तुम्हाला मागचं फाटक लागलंच नसतं. त्यांना कारण तुम्ही एकट्यानं नाही दिलं. मीही दिलं. जायचं तर दोघांचं तिकीट काढावं लागेल."

पोलिसांना शूज काढायला सांगणारा तो माणूस आता पुरता हादरला.  मुलाकडे वळून म्हणाले, "थंडीत बसायचास? गाडीत?"

"हीटर असतो, बाबा."

"हीटरनं कोरडा खोकला होतो," बाबा म्हणाले, आणि काचेतून बाहेर बघायला लागले. तिकिटाचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

पुढे तपासणीचा निकाल आला, गोळ्यांत कुठलाही अमली पदार्थ नव्हता, आणि प्रकरण बंद झालं. "साखरच निघाली," असं सार्जंट बाई फोनवर म्हणाली, ते मी बाबांना सांगितलं नाही. पेटी परत आली. एका बाटलीचं बूच दुसरीला लागलेलं, अर्ध्या गोळ्या गेलेल्या. नवऱ्यानं ती शेडमध्ये नेली नाही. देवघरापासून दूर, पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी टेबल लावून त्याच्यावर ठेवली. मी कोर्टात पुन्हा बसायला लागले. वॉरंट अजूनही देते. हल्ली एक प्रश्न जास्त विचारते, घरात म्हातारं कुणी आहे का. त्यानं कायद्यात काही फरक पडत नाही.

पण पेशंट येईनात. गोष्ट सगळीकडे पसरली होती, आणि पोलिसांच्या नजरेतल्या घराची पायरी कोण चढणार? गुरुवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसत, कागदाचे चौकोन कापून ठेवत, अंधार पडला की उठत. मला ते बघवत नसे.

अशाच एका गुरुवारी नवरा उजेड असतानाच घरी आला. गाडी त्यानं दारात लावली. बूट काढले, पुढच्या खोलीत गेला आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसला. टेबलावर एक पौंडाचं नाणं ठेवलं.

"झोप लागत नाही," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं आणि चष्मा लावला. ज्यांनी होमिओपॅथीचं औषध घेतलंय त्यांना माहीत असेल, दुखणं राहतं बाजूला, प्रश्नच फार असतात. थंडी सोसते की ऊन? गोड आवडतं की खारट? राग आला की बोलून टाकतोस, की गिळतोस? रडू येतं का? एकटं असताना, की कुणी जवळ घेतल्यावर? मी दाराशी उभी राहून ऐकत होते. पन्नाशीला आलेला माझा नवरा वडिलांना एकेकाचं उत्तर देत होता. गिळतो. येतं. एकटा असताना. या दोघांत असं बोलणं मी पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"भीती कशाची वाटते?" बाबांनी विचारलं.

नवऱ्यानं टेबलावरचं नाणं बोटानं फिरवलं.

"बेलची," तो म्हणाला. "सकाळी बेल वाजली की."

बाबांनी पेटीतून एक बाटली काढली, बूच उघडलं आणि कागदाचे दोन चौकोन पुढे ओढले.

"मग दोन पुड्या बांधतो," ते म्हणाले. "मीही हीच घेतोय."